ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एआय आणलं, महिन्यात काढलं, आणि मग मुनीमजींना विचारून साधा प्रोग्राम लिहिला

आधीच सांगतो, मी काही इंजिनिअर वगैरे नाही. बीकॉम झालो, टॅली शिकलो आणि नागपूरला लागून वाडी आहे तिथे मामाजींचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे त्यात बसतो, आठव्या मैलाच्या अलीकडे. पार्टनरशिप फर्म आहे, चौदा गाड्या घरच्या, बाकी लागतील तशा बाजारातून लावतो. माल जास्त करून रायपूर, हैदराबाद, जबलपूर, इंदूरकडे. नागपुरात धंदा म्हटला की हाच, कारण श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबर आणि सुरत-कोलकात्याकडचा ५३ नंबर हायवे दोन्ही आपल्याच अंगावरून जातात. जुनी माणसं अजून ७ नंबर आणि ६ नंबरच म्हणतात.

ऑफिसात आम्ही चार जण. मामाजी, मी, बिल्टी (गाडीत भरलेल्या मालाची पावती) फाडणारा एक पोट्टा आणि मुनीमजी. मुनीमजी माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे आहेत, टॅली त्यांना येते पण विश्वास वहीवर.

तर झालं असं की मागच्या वर्षी मामाजी सीताबर्डीला कुठल्या तरी व्यापाऱ्यांच्या मीटिंगला गेले आणि तिथून डोक्यात एआय भरून आले. गाडीतून उतरल्या उतरल्या मला म्हणे, अरे आता सगळं एआय करून राहिलं, आपण काय मागे राहायचं का, वसुलीचा सगळा ताप त्याला लावून दे. मुनीमजी बाजूलाच बसले होते, त्यांनी मान पण वर नाही केली. फक्त एवढंच म्हणाले, "लावा न बाप्पा, माह्या डोक्याचा तरी ताप जाईन."

मी लगेच एका चॅटबॉटचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं. पहिले दोन-तीन दिवस भारी गेले. वसुलीची पत्रं अशी गोड लिहून द्यायचं की पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, वाटावं हे लोक पैसे मागून राहिले की लग्नाला बोलावून राहिले. मामाजी खूश. मग मी खऱ्या कामाला हात घातला. आमचं सगळ्यात किचकट काम म्हणजे आलेलं पेमेंट कोणत्या बिलाचं ते लावणं. पार्टी कधी एका बिलाचे पैसे टाकत नाही. तीन-चार बिलं एकत्र करते, त्यातून २ टक्के टीडीएस (आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापते, कुठे एखादं पोतं फाटलं असेल तर त्याचे कापते, आणि बँकेत एकच रक्कम टाकते, ना फोन ना मेसेज. बँकेच्या स्टेटमेंटवर नुसता यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहाराचा नंबर) आणि पार्टीचं अर्धं कापलेलं नाव. आता लाव तू.

मी थकीत बिलांची यादी आणि बँक स्टेटमेंट दोन्ही त्यात टाकलं आणि म्हटलं जुळव. वीस सेकंदात सुंदर टेबल आलं. एका पार्टीचे ५४,८८० रुपये आले होते, त्यानं सांगितलं की ही तीन बिलं आहेत, १८,४००, २७,५६० आणि ९,९५०, एकूण ५६,०००, त्यातून २ टक्के गेले १,१२०, राहिले ५४,८८०. बरोबर! मी प्रिंट काढून मुनीमजींसमोर ठेवलं, जरा ताठ मानेनंच.

मुनीमजींनी चष्मा कपाळावर घेतला, कागद डोळ्याजवळ धरला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "बेरीज तर छपन्न हजार नाही होत. पंचावन्न हजार नऊशे दहा होते." मी कॅल्क्युलेटरवर मारलं. ५५,९१०. मग ते म्हणतात, "नव्वदचा फरक आहे न? नवानं भाग जाते. म्हणजे कुठंतरी आकडा उलटा झाला. पाय एखांदं बिल." बघितलं तर खरं बिल २७,६५० चं होतं. एआयनं ६५० चं ५६० करून ठेवलं होतं, आणि वरून बेरीज मात्र पाहिजे तीच दाखवली होती, म्हणजे उत्तर आधी ठरवलं आणि आकडे मागून बसवले असं.

हा नवाचा हिशेब मला माहीतच नव्हता. नंतर घरी कागदावर करून पाहिला. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो, ६५ चे ५६ झाले तर ९, ७२ चे २७ झाले तर ४५, ८१० चे १८० झाले (हे पहिल्या दोघांची अदलाबदल) तर ६३०. जुने मुनीम लोक याच्यावरच ताळा करायचे. अर्थात उलटं खरं नसतं, फरकाला ९ नं भाग गेला म्हणजे आकडा उलटाच झाला असं नाही, पण बघायला जागा मिळते.

मला चूक झाली याचं एवढं वाईट नाही वाटलं, चुका तर मी पण करतो. मला त्रास याचा झाला की चुकीची ओळ आणि बरोबर ओळ दिसायला सारखीच होती. चाळीस ओळींच्या टेबलात कोणती एक खोटी आहे हे शोधायला मला चाळीसच्या चाळीस तपासाव्या लागणार, मग माझं काय वाचलं? आणि तेच परत विचारलं तर सॉरी म्हणून दुसरंच टेबल देते. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एक बिल असं दाखवलं जे आमच्या बिलबुकातच नाही. वरून मामाजींच्या लक्षात आलं की आपण पार्ट्यांची बँकेची सगळी माहिती बाहेर कुठेतरी टाकून राहिलो, तेव्हा त्यांचा उत्साह पण थोडा कमी झाला. महिना संपला, सबस्क्रिप्शन पुढे नाही वाढवलं.

मग मी म्हटलं, हे काम आहे तरी काय? बेरीज, वजाबाकी, तुलना. यात अंदाज करायची जागाच नाही, मग अंदाज करणाऱ्याला हे काम द्यायचंच कायले? कॉलेजात असताना थोडं पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) बघितलं होतं, ते उकरून काढलं. संध्याकाळी सात नंतर ऑफिस रिकामं झालं की बसायचो. आणि खोटं नाही बोलणार, कोड लिहिताना अडलो की चॅटबॉटलाच विचारायचो, रेजेक्सचं (मजकूर साच्यात बसतो का ते बघणारा कोड) तर निम्मं त्याच्याकडूनच घेतलं. पण त्यानं लिहून दिलेला कोड मी वाचू शकतो, पन्नास जुन्या नोंदींवर चालवून बघू शकतो, आणि एकदा बरोबर बसला की उद्या पण तो तेच उत्तर देते. रोजच्या आकड्यांना मात्र त्याला हात नाही लावू दिला.

पहिलं काम सोपं वाटलं म्हणून गाडी नंबर घेतले. बिल्टीवर पोट्टा कधी एमएच ४० आणि मग डॅश, कधी स्लॅश, कधी नुसतं ४० बीजी, कधी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहायचा. नागपूरच्या गाड्या ३१, ४० नाहीतर ४९, रायपूरची सीजी ०४. सगळी स्पेस, डॅश काढून टाकायची, अक्षरं मोठी करायची, आणि मग सांगितलेल्या साच्यात बसते का बघायचं. बसलं तर ठीक, नाही तर बाजूला काढ. इथेच मी पहिल्यांदा ते "बाजूला काढ" लिहिलं. तेव्हा वाटलं नव्हतं की पुढे सगळा प्रोग्राम त्याच्यावरच उभा राहणार आहे.

मग माझ्याच हातानं एक घोळ झाला. ई-वे बिल म्हणजे गाडीतून माल नेताना जीएसटीच्या पोर्टलवरून काढावा लागतो तो कागद, त्याचा नंबर बारा आकडी असतो. पोर्टलवरून उतरवलेल्या माहितीची सीएसव्ही फाईल मी प्रोग्रामला द्यायच्या आधी म्हटलं जरा बघून घेऊ, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली, बघितली, आणि बंद करताना सवयीनं सेव्ह मारलं. झालं. एक्सेलचा साधा नियम आहे की अकरा आकड्यांच्या वरचा नंबर जनरल फॉरमॅटमध्ये ३.५१ई+११ असा दाखवायचा, आणि सीएसव्हीत सेव्ह केलं की जे दिसते तेच लिहिल्या जाते. बाकीचे आकडे गेले ते गेलेच. तीनशे ओळी. परत पोर्टलवर लॉगिन, परत कॅप्चा, परत डाउनलोड. त्या दिवसापासून मूळ फाईल एका फोल्डरमध्ये रीड-ओन्ली ठेवतो आणि प्रोग्रामला सांगून ठेवलं की नंबर हा नंबर नाहीच, तो मजकूर आहे. बँक अकाउंट, मोबाईल, ई-वे, सगळे मजकूर. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नाही, असं मी आमच्या पोट्ट्याला समजावून सांगितलं तर तो म्हणे मग आधार नंबर पण? हो बाबा, तो पण.

दुसरा घोळ जास्त मजेदार. काही बिलांत एक रुपयाचा फरक येऊन राहिला होता, सगळ्यात नाही, काहीच बिलांत, आणि त्याचा काही पॅटर्नच दिसेना. एक बिल धरून बसलो. १,३०५ किलो माल, रेट २.५० रुपये, भाडं झालं ३,२६२.५०. मुनीमजींच्या वहीत ३,२६३, माझ्या प्रोग्रामात ३,२६२. दुसऱ्या बिलात ३,२६३.५० चे दोघांचेही ३,२६४. मी रात्री दहापर्यंत डोकं फोडलं. शेवटी कळलं की पायथॉनचं राऊंड नेमक्या अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जाते. म्हणजे १२.५ चे १२ आणि १३.५ चे १४. त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, खूप आकड्यांची बेरीज एकाच बाजूला झुकू नये म्हणून तसं करतात, त्याचं आपलं लॉजिक आहे. पण वाडीत अर्धा आला की वरच जाते. मग डेसिमल वापरलं, त्याच्यात अर्धा असेल तर वर असं सांगता येते. सकाळी मुनीमजींना सांगितलं तर ते हसले, "म्हणजे बँकवाल्याइचं राऊंड बी आपल्यापेक्षा वेगळंच!"

आता मुख्य, पेमेंट जुळवणं. माझी आयडिया अशी होती की पार्टीची सगळी थकीत बिलं घ्यायची, त्यांचे सगळे संच करून बघायचे, ज्याची बेरीज २ टक्के कापून आलेल्या रकमेएवढी होते तो संच बरोबर. चार-पाच बिलं असली तर पटकन होते. पण वीस बिलं थकली तर संच होतात १०,४८,५७६, आणि आमच्या एका मोठ्या पार्टीची तर चाळीसच्या वर बिलं थकलेली असतात, तिथे हा आकडा लाख कोटीच्या घरात जाते. कॉम्प्युटर घरघर करत बसला. पण त्याच्याहून वाईट गोष्ट दुसरीच निघाली. त्याच ५४,८८० ला प्रोग्रामनं एक सोडून पाच संच दाखवले. १८,४००, २७,६५० आणि ९,९५० तर होतेच, पण ३६,०५० आणि १९,९५० ची बेरीज पण छपन्न हजारच होते. पाचही गणितानं बरोबर. आता खरं कोणतं?

मी मुनीमजींकडे गेलो. म्हटलं तुम्ही कसं लावता? ते म्हणे, "लावतो म्हणजे? दिसते न ते." असं उत्तर आलं की प्रोग्राम लिहिणाऱ्याचा जीव जाते. मी खुर्ची ओढून बाजूला बसलो, म्हटलं आजचे सगळे पेमेंट तुम्ही लावा, मी नुसतं बघतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो काऊन, म्हणजे का. पहिल्या अर्ध्या तासात ते वैतागले. "काऊन काऊन काय करून राहिला, लहान लेकरासारखा?" पण दुपारी चहा झाल्यावर त्यांनाच मजा यायला लागली.

तीन दिवसांत जे निघालं ते असं. पहिली पार्टी नेहमी जुन्या बिलापासून पैसे देते, तारखेनं, मधलं सोडत नाही. फक्त ज्या बिलाची पीओडी, म्हणजे माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची बिल्टी, त्यांच्याकडे पोहोचली नाही ते बिल सोडून पुढे जाते. दुसरी पार्टी तारखेनं नाही, डेपोनं देते, रायपूर डेपोची बिलं एका दिवशी, बिलासपूरची दुसऱ्या दिवशी. तिसरी पार्टी टीडीएस भाड्यावरच कापते, हमालीवर नाही, कारण हमाली ते वेगळ्या पावतीवर मागतात. चौथी दर मार्चला सगळं गोल आकड्यात टाकते, पन्नास हजार, एक लाख, आणि हिशेब एप्रिलमध्ये देते, म्हणून मार्चमध्ये तिचं काहीच जुळवायला जाऊ नये, नुसतं अॅडव्हान्समध्ये टाकावं. हे सगळं मुनीमजींच्या डोक्यात होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं. एआयला हे कुठून कळणार होतं, मलाच सहा वर्षं बाजूला बसून कळलं नव्हतं.

मग प्रोग्राम एकदम लहान झाला. दहा लाख संचांची भानगडच गेली. पार्टीसमोर तिचा नियम लिहिला, तारखेनं की डेपोनं, टीडीएस कशावर, पीओडी नसली तर सोडायचं की नाही. त्या नियमानं वरून खाली बिलं जोडत जायचं, रक्कम बरोबर आली की थांबायचं, पुढे निघून गेली की हात वर करायचे आणि ती ओळ अडलेल्या यादीत टाकायची. आणि त्या यादीत ओळ टाकताना कारण लिहायचं. "१४० रुपये कमी आहेत." "बिलाच्या आधीच्या तारखेला पैसे आले." "फरकाला ९ नं भाग जातो, आकडा उलटा असेल, बघा." हा शेवटचा मेसेज मी टाकला तेव्हा मुनीमजींना बोलावून स्क्रीनवर दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त मागे उभे राहून दोनदा वाचला.

ते "बिलाच्या आधीच्या तारखेला" वालं कारण मात्र मला धडा शिकवूनच आलं. बँकेच्या फाईलमध्ये तारीख ०५/०६ अशी असते, म्हणजे ५ जून. माझ्या प्रोग्रामनं ती अमेरिकन पद्धतीनं वाचली, ६ मे. कुठे एरर नाही, काही नाही. आणि १३ तारखेपासून पुढचं सगळं बरोबर वाचायचा, कारण तेरावा महिना नसतोच, मग तो बिचारा उलटं करून घ्यायचा. अर्धा महिना चूक आणि अर्धा महिना बरोबर. म्हणजे साधा प्रोग्राम गुपचूप चूक करतच नाही असं मी म्हणणार नाही, करते, पण त्याची चूक रोज एकाच जागी होते, म्हणून सापडते. तारखेचा क्रम स्पष्ट लिहून दिला आणि वरून तो चेक टाकला.

ई-वे बिलाचं काम तसं लहान होतं पण त्यात पैसा जास्त अडकते. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर माल अडवतात आणि कराच्या दुप्पट दंड. मुदतीचा नियम साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे रायपूरचे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर धरले तर दोन दिवस, हैदराबादचे पाचशे तर तीन. आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, २०२१ च्या जानेवारीपासून २०० झाले. आणि पहिला दिवस संपतो तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रात्री बाराला. हा सगळा हिशेब मी दोन दिवस बसून कोडमध्ये बसवला, आणि मग कळलं की कधीपर्यंत चालते ती तारीख आणि वेळ बिलावर छापलेलीच असते. नुसती वाचायची. दोन दिवसाचं कोड डिलीट मारलं. पोट्टा अजून मला त्याच्यावरून चिडवते.

मुदत वाढवायची असेल तर संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंतच वाढवता येते, त्यामुळे प्रोग्राम दर तासाला बघतो आणि आठ तास उरले की मामाजींच्या आणि माझ्या फोनवर मेसेज टाकतो. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर टास्क शेड्युलरमध्ये लावला. एप्रिलभर मस्त चालला.

मग मे आला. नागपूरचा मे काय असतो ते सांगायला नको, ४५ च्या वर गेला की डांबर पायाला चिकटते. एका शनिवारी दुपारी पोट्ट्याला कूलर खिडकीजवळ सरकवायचा होता, वायर पुरेना, तर त्यानं एक प्लग काढून कूलरचा लावला. तो प्लग सीपीयूचा होता. रविवारी कुणी ऑफिसात आलंच नाही. सोमवारी पहाटे साडेपाचला ड्रायव्हरचा फोन, गाडी देवरीच्या अलीकडे टायर फुटून रात्रभर उभी होती आणि ई-वे बिल रात्री बाराला संपलं. मी चड्डी-बनियनवरच फोनवरून पोर्टल उघडलं, आठ तासांच्या आत होतो म्हणून वाढलं. साडेआठला उठलो असतो तर गेलं होतं. मामाजींनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं, पोट्ट्यानं कूलर बंद करून टेबल फॅनमध्ये दिवस काढला, प्रायश्चित्त म्हणून.

माझी चूक ही होती की मेसेज नाही आला म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. मेसेज नाही आला याचा अर्थ प्रोग्राम मेला असाही होते. आता रोज सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला तो नुसता एक ओळ पाठवतो, "चालू आहे, गाड्या रस्त्यावर ११, आठ तासांत संपणारी बिलं ०." ती ओळ नाही आली की मी ऑफिसला फोन करतो. आणि सीपीयूच्या प्लगवर लाल टेप लावली, त्यावर स्केच पेननं लिहिलं हात लावू नये. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात मारबत-बडग्याच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, पोट्टा म्हणे, यंदा ह्या डब्ब्याचाच बडग्या काढू, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.

एआयला मी पूर्ण हाकललं असं नाही. हैदराबादची एक पार्टी तेलुगूत पत्रं पाठवते, ती वाचायला वापरतो. पीओडीच्या मागे हमाल काहीतरी खरडून ठेवतात, दोन पोती ओली वगैरे, ते वाचायला पण लावून बघितलं, बऱ्यापैकी वाचते, पण तो वाचलेला मजकूर सरळ हिशेबात नाही जात, मुनीमजींच्या समोर जाते. मामाजी आता मीटिंगमध्ये सांगतात की आमच्याकडे सगळं एआयवर आहे. मी दोनदा सांगितलं की मामाजी, ते एआय नाही, साडेचारशे ओळींचा साधा प्रोग्राम आहे आणि त्यातल्या निम्म्या ओळी म्हणजे मुनीमजींचं काऊन आहे. ते म्हणे, असू दे न, ऐकायला बरं वाटते.

मुनीमजींचं काम कमी झालं का, तर झालं. पहिले दिवसभर पेमेंट लावत बसायचे, आता रोज अडलेल्या यादीत सात-आठ ओळी असतात, तर्री पोहे खात खात त्या बघतात. पहिल्या महिन्यात यादी साठ-सत्तरची यायची, मी म्हणायचो प्रोग्राम फेल आहे, ते म्हणायचे असू दे, निदान हा माहीत नाही तर नाही म्हणते.

एक ओळ मात्र ऑक्टोबरपासून रोज सगळ्यात वर येते. इतवारीच्या एका जुन्या पार्टीचे ३५० रुपये कमी. मी कंटाळून म्हटलं, मुनीमजी, हजाराच्या आतला फरक सहा महिन्यांनी आपोआप कसर खात्यात (किरकोळ फरक सोडून द्यायचं खातं) टाकायचा असा नियम लिहून टाकू का? ते म्हणे, "लिहू नको. त्याची ताडपत्री आपल्या गाडीत राहून गेली होती, ड्रायव्हरनं दिवाळीत घरी नेली. त्यानं तिचेच पैसे कापले. मले माहीत आहे, तुह्या मशीनले माहीत नाही." मग ताडपत्री परत का नाही केली? "थांब," म्हणाले, आणि खिशातून फोन काढून ड्रायव्हरला लावला.